सोमाजीची सुई

“भाऊ, आले जी,” रश्मी फोनवर म्हणाली. “नऊ हायेत. मी दोनदा मोजले.”

सोमाजी खोब्रागडे गुरांच्या दवाखान्याच्या ओट्यावर एका शेळीचं खूर धूत बसला होता. फोन त्याने मान वाकडी करून खांद्याशी दाबून धरला होता. कोण आले, हे त्याने विचारलं नाही. रश्मी कुळमेथे ही कोसमटोल्याची वनरक्षक, आणि गेली चार वर्षं ती एकाच पाहुण्यांची वाट पाहत होती. नाल्यापलीकडच्या खडकाळ पठारावर जंगलखात्याने तारेची जाळी घालून एक आवार केलं होतं. मेलेलं जनावर तिथे नेऊन टाकायचं, म्हणजे कुत्री येणार नाहीत आणि गिधाडं येतील, अशी ती योजना. पाटीवर लांबलचक सरकारी नाव होतं, गावकरी त्याला खानावळ म्हणत. चार वर्षांत खानावळीत कावळे जेवून गेले, घारी जेवून गेल्या, एकदा एक रानडुक्कर जाळीखालून उकरून आत शिरलं. ज्यांच्यासाठी पान मांडलं होतं, ते मात्र फिरकले नव्हते.

“नाल्याकाठच्या कहूच्या झाडावर बसले हायेत. अजून उतरले नाई,” रश्मी सांगत होती. “तुमी या लवकर. तुमी तं पाह्यलेच पायजे.”

“काय टाकलं तिथी?”

“झाडूभाऊचा बैल. परवा नाल्यात पडलता ना, तोच. काल सकाळी मेला. सुकरीबाईनं सोता बैलबंडीत घालून आणून देल्ला.”

सोमाजीच्या हातातून खूर सुटलं. शेळीने ओट्यावरून उडी मारली आणि तिची मालकीण तिच्यामागे धावली.

“रश्मीबाई, ऐका,” तो म्हणाला, पण फोन तुटला होता. कोसमटोल्यात फोन लागायला टेकडी चढावी लागते, आणि ती बातमी देऊन लगेच खाली उतरली असणार. त्याने चार वेळा लावून पाहिला. मग ओल्या हातांनीच मोटारसायकल काढली.

सोमाजी कागदावर परिचर होता. डॉक्टरसाहेबांच्या गळ्यात तीन दवाखाने, ते इथे फक्त गुरुवारी येत. बाकीचे दिवस पंचवीस गावांची ढोरं सोमाजीच्या भरवशावर. गाय अडली, म्हैस फुगली, बैलाची मान सुजली, की लोक त्याच्याकडे येत आणि त्याला डॉक्टरभाऊ म्हणत. ‘मी डॉक्टर नाई बाप्पा’ असं तो दर वेळी बजावून सांगे, आणि मग डॉक्टराने करायचं ते सगळं करी. निवृत्तीला सात महिने उरले होते. मुक्या जनावराचं दुखणं त्याला पाहवत नसे, एवढी एक गोष्ट सोडली तर त्याच्यात सांगण्यासारखं विशेष काही नव्हतं.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एक सुई आली होती, डायक्लोफेनॅकची. स्वस्त होती आणि गुण असा, की पाय टेकवू न शकणारा बैल संध्याकाळी चरायला लागे. दहा-बारा वर्षं सोमाजीने ती हजारो जनावरांना टोचली आणि लोकांचे आशीर्वाद घेतले. मग सरकारने ती सुई जनावरांसाठी बंद केली. का बंद केली, ते त्याला चंद्रपूरच्या एका प्रशिक्षणात कळलं. सुई टोचलेलं ढोर मेलं आणि ते गिधाडाने खाल्लं, की दोन-तीन दिवसांत गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. त्याची मान लोंबकळते आणि एक दिवस ते फांदीवरून गळून पडतं. पडद्यावर फोटो दाखवून झाले, दिवे लागले, सगळे चहाला उठले. सोमाजी खुर्चीतच बसून राहिला. लहानपणी गावाबाहेर एका मेलेल्या म्हशीवर त्याने शंभरेक गिधाडं पाहिली होती. अर्ध्या तासात म्हशीची नुसती धुतल्यासारखी हाडं उरली होती. ती गिधाडं कधी नाहीशी झाली, हे गावात कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. यातली माझ्या हातची किती, हा प्रश्न त्या दिवशी त्याच्या मानगुटीवर बसला तो उतरला नाही.

परत आल्यावर त्याने गोठे पालथे घातले, दुकानदारांशी भांडला, जुन्या बाटल्या पोत्यात गोळा करून फोडल्या आणि पुरल्या. त्यानंतर अठरा-एकोणीस वर्षं त्याच्या पेटीत ती सुई आली नाही. या भागात ‘सोमाजीची सुई’ म्हणजे चांगली सुई, असं लोक म्हणायला लागले.

आणि परवा संध्याकाळी त्यानेच ती टोचली होती.

झाडू उसेंडीचा म्हातारा बैल नाल्याच्या दरडीवरून घसरला आणि मागचा खुबा मोडला. सोमाजी पोचला तेव्हा बैल कण्हत होता. दुखणं सोसवेनासं झाल्याशिवाय बैल आवाज करत नाही. दवाखान्यातली, गिधाडांना चालणारी सुई आठवड्यापूर्वीच संपली होती, मागणी केलेली पेटी आली नव्हती. झाडूने घरातून चार कुप्या आणल्या. गुडघ्यासाठी धानोऱ्याच्या मेडिकलमधून आणलेल्या, माणसाच्या. सोमाजीने कुपी उजेडात धरून नाव वाचलं. खाली ठेवली. बैल पुन्हा कण्हला. त्याने चारही कुप्या फोडल्या.

“हा वाचत नाई, झाडू,” तो म्हणाला होता. “मेला तं खोल पुरजो. खानावळीत देऊ नको.”

“हो जी,” झाडू म्हणाला होता.

अर्ध्या तासात बैल शांत झाला, झाडूच्या बायकोच्या, सुकरीच्या हातून पाणी प्याला. त्याला इतका आराम पडलेला पाहून झाडू पहाटे निश्चिंत मनाने नातवाच्या बारशाला निघून गेला. पुरायची गोष्ट सुकरीला सांगायची राहून गेली. ती सोमाजीनेही सांगितली नव्हती.

नऊ किलोमीटरच्या रस्त्यावर त्याला हे सगळं पुन्हा पुन्हा आठवत होतं. नाल्यात गाडी घातली तर ती बंद पडली. ती तिथेच पाण्यात सोडून तो चढण चढला.

पठाराच्या कडेला पळसाच्या आडोशाला रश्मी पालथी पडून होती. तिने त्याला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवून खाली बसायची खूण केली. तिचे डोळे भरून आले होते. तो तिच्यापर्यंत पोचणार, तेवढ्यात गिधाडं उतरायला लागली.

आधी आवाज आला. एखादी मोठी ताडपत्री वाऱ्यावर ओढत न्यावी तसा, पण डोक्यावरून. मग खडकावर सावली धावली, तिच्यामागे दुसरी. सोमाजीने वर पाहिलं. ती पंख हलवत नव्हती. रुंद काळे पंख पसरून, टोकांची पिसं बोटांसारखी फाकवून एकामागून एक हवेतून खाली येत होती. डोक्यावरून जाताना पंखांच्या आतला पांढरा पट्टा उन्हात लखकन चमकायचा. जमिनीजवळ आल्यावर पाय पुढे काढून जड, म्हाताऱ्या माणसासारखी दोन पावलं धावून थांबायची. एक, दोन, तीन. त्यांना घाई नव्हती. मागच्या तीस वर्षांत माणसांनी काय काय केलं त्याची त्यांना खबर नव्हती, किंवा असली तरी त्यांनी ती मनावर घेतलेली दिसत नव्हती.

सोमाजी ओरडायला आला होता. तो ओरडला नाही. तोंड उघडं ठेवून तो उभा राहिला. हे पाहायला मिळावं म्हणून त्याने जन्मभर आभाळाकडे मान वर केली होती, आणि ते आता तीस पावलांवर चाललं होतं. इतकं मोठं, इतकं शांत काही आपण मारलं होतं, आणि तरी त्यातलं थोडं उरलं आहे, परत येतं आहे, या विचारात तो पुढचं पाऊल टाकायचंच विसरला. किती वेळ गेला ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. एक विडी ओढून होईल इतका गेला असेल.

बैलावर चढलेल्या गिधाडाने मान खाली घातली, हिसका दिला आणि वर काढली तेव्हा चोचीत लाल काहीतरी होतं. ते त्याने गिळलं.

सोमाजी धावत सुटला. हातात काठी कुठून आली ते त्याला कळलं नाही. फाटक ढकलून तो आत शिरला आणि घशातून निघेल तो आवाज काढत बैलापर्यंत गेला. गिधाडं धडपडत पळाली, जाळीला आपटली, पंख झोडत कशीबशी उचलली गेली. ज्याने खाल्लं होतं ते गिधाड सगळ्यांत शेवटी उडालं. त्याच्या डाव्या पंखात एक पीस कमी होतं, त्या फटीतून आभाळ दिसत होतं.

“येड लागलं का जी तुमाले?” रश्मी मागून आली. तिचा आवाज फाटला होता. “चार वर्षं झाले, भाऊ. चार वर्षं.”

“ढोरात ते सुई हाये,” सोमाजी म्हणाला.

तिला क्षणभर अर्थच लागला नाही.

“कोणी देल्ली?”

“मी.”

ती जाळीला धरून उभी राहिली. “मी इचारलं होतं सुकरीबाईले,” ती हळूहळू म्हणाली. “सुई टोचली होती का म्हणून. ती म्हणली, डॉक्टरभाऊनं टोचली. मंग मी पुढं इचारलंच नाई. तुमी देल्ली म्हणल्यावर काय इचारायचं?”

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सोमाजीला वाटलं.

“एकानं खाल्लं,” तो म्हणाला. “मी येऊन उभा होतो तेव्हा खाल्लं. ओरडलोच नाई. पाह्यत राह्यलो.”

रश्मीने त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. “मी बी पाह्यतच होती,” ती म्हणाली.

बैल पुरायचा तर पठारावर खड्डा होत नव्हता, खाली खडक. नाल्याच्या अलीकडे मातीची जमीन होती, तिथपर्यंत न्यायला हवं होतं. रश्मी माणसं आणायला गावात गेली. ती येईपर्यंत सोमाजी बैलाशेजारी काठी घेऊन बसला. गिधाडं कहूवर जाऊन बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती. त्यांना भूक लागली असणार. मध्येच एखादं उठे, घिरटी घालून खाली येऊ पाही, की हा काठी उगारून उठे. मग ते परत फांदीवर. असं दुपारपर्यंत चाललं. इतका वेळ, इतक्या जवळून गिधाडं पाहायला मिळालेला माणूस पंचक्रोशीत दुसरा नसेल. त्यांच्या मानेभोवती पांढऱ्या पिसांची गुंडाळी होती, एखाद्याने थंडीत मफलर घ्यावा तशी. दोन गिधाडं एकमेकांची डोकी खाजवत होती. ऊन चढलं तशी सगळ्यांनी पंख पसरले आणि ती तशीच न हलता बसून राहिली. तो उठला की काठी उगारायचा आणि बसला की मनातल्या मनात माफी मागायचा.

गावातून पाच माणसं आली, सोबत सुकरी. तिला वाटेत कळलं होतं. ती बैलाच्या शिंगांवरून हात फिरवून बाजूला झाली. माणसांनी दोर बांधला. सोमाजी पुढे झाला आणि त्याने दोराला हात घातला.

“तुमी नका धरू जी,” रश्मी चटकन म्हणाली. तिला ठाऊक होतं, आणि तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. सोमाजीच्या आजोबांनी छप्पन साली चांद्याला धम्मदीक्षा घेतली आणि परत येऊन गावाला सांगितलं, की आजपासून मेलेलं ढोर आम्ही ओढणार नाही. त्यासाठी मार खाल्ला, दोन वर्षं कामावाचून काढली. घरात तेव्हापासून कुणी मेल्या ढोराच्या दोराला हात लावला नव्हता. सोमाजीने जिवंत ढोरांची नोकरी धरली होती, खानावळीचं काम निघालं तेव्हाही त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, सल्ला देईन, ओढायला येणार नाही.

“आज कोणी सांगतलं म्हून नाई धरून राह्यलो,” सोमाजी म्हणाला. “माह्या मनानं धरून राह्यलो.”

मग रश्मीनेही दोर धरला आणि सुकरीनेही. सगळ्यांनी मिळून बैल उतारावरून ओढत नेला. कंबरभर खोल खड्डा झाला, चुना पडला, माती पडली, वर दगड रचले. हात धुताना रश्मीने विचारलं, “पंचनाम्यात काय लिहू?”

“जे झालं ते.”

“सात महिने राह्यले तुमचे.”

“माहीत हाये मले. माहं नाव लिहा. झाडूचं लिहू नका, त्याच्या बायकोचं बी नाई.”

तिने लिहिलं. सोमाजीने वाचून खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही तो उजाडताच कहूखाली जाऊन बसला. दवाखान्यात त्याने रजेचा अर्ज ठेवला होता. गिधाडं रात्री त्याच झाडावर मुक्कामाला येत. झोपलेलं गिधाड मान पिसांत खुपसून बसतं, आणि आजारी गिधाडही तसंच मान टाकून बसतं. दोन्हीतला फरक ओळखायला सूर्य वर यावा लागतो.

तिसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला खडक तापला. नाल्यावरचं धुकं विरलं आणि झाडाच्या शेंड्यावरची पानं हलायला लागली. पहिलं गिधाड फांदीवरून नुसतं पुढे झुकलं. हवेने त्याला उचललं. ते पंख न हलवता गोल फिरत वर गेलं, आणि मग दुसरं, तिसरं. धानोऱ्याकडचं सगळं जंगल, डोंगरामागचे डोंगर, मधूनच चमकणारा नाला, या सगळ्यावर ती चढत गेली, आणि खाली बसलेल्या सोमाजीला पहिल्यांदाच कळलं, की या जंगलाला वरची बाजूही आहे आणि ती इतकी वर्षं रिकामी होती. तो मोजत होता. आठ झाली. ती इतकी उंच गेली की डोळ्यांत पाणी येऊन दिसेनाशी झाली.

नववं फांदीवर होतं. ऊन त्याच्या पाठीवर आलं तरी मान वर झाली नाही. डाव्या पंखातली फट सोमाजीला खालूनही दिसत होती.

तासाभराने ते सुटलं. फांद्यांना आपटत खाली आलं आणि त्याच्यापासून चार हातांवर पडलं. अजून जिवंत होतं. सोमाजीने सवयीने पेटी ओढली, झाकण उघडलं. आत जखमेचं औषध होतं, पोटफुगीचं होतं, तापाचं होतं. त्याने झाकण लावलं. मग तो उन्हाच्या बाजूला सरकून बसला, म्हणजे आपली सावली गिधाडावर पडेल. गिधाड त्याच्याकडे पाहत होतं. त्या नजरेत राग नव्हता, ओळख नव्हती, काहीच नव्हतं. सोमाजी हजारो जनावरांपाशी असा बसला होता, पण या एकापाशी बसून तो रडला.

रश्मी आली तेव्हा सगळं संपलं होतं. गडचिरोलीहून गाडी निघाली होती, मेलेलं गिधाड तपासणीला न्यायचं होतं. त्याआधी कागदावर माप लिहावं लागतं, म्हणून तिने टेप काढला. सोमाजीने एका पंखाचं टोक धरलं, तिने दुसऱ्याचं, आणि दोघं एकमेकांपासून मागे मागे सरकत गेले. पंख संपतच नव्हता. रश्मीला एका क्षणी वाटलं की आता थांबावं लागेल, पण तो अजून उघडतच होता.

“पावणेसात फूट,” ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, “एवढं मोठं अस्ते का जी.”

“हो,” सोमाजी म्हणाला.

तिने आकडा लिहिला. त्याने पंख मिटून अंगालगत बसवला, तो पुन्हा उघडला. परत मिटला, परत उघडला. मग सोमाजी मांडी घालून बसला, गिधाड मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी पंख मिटवून धरला आणि गाडी येईपर्यंत तसाच धरून ठेवला.